जिवाणूंचा पाडवा

शेळके सर प्रयोगशाळेत भर दुपारी काळी छत्री उघडून बसत. ती त्यांच्या डोक्यावर नसे, समोरच्या काचेच्या नळीवर असे. कोणी खिडकी उघडली की खेकसत, "तिला उजेड सोसत न्हाई. जल्दी लावा खिडकी!"

'ती' म्हणजे एक पिवळं एन्झाइम. नवीन जालन्यातल्या गॅरेजमागच्या तेलकट मातीतून सरांनी काही जिवाणू धरून आणले होते. ते फिनॉलसारखं विष खात आणि ते पचवायला हे एन्झाइम बनवत. त्यातल्या फ्लेविन नावाच्या, उजेडात विटणाऱ्या द्रव्यामुळे ते पिवळं दिसे. सरांची पीएचडी बारा वर्षं त्याच्यावरच अडली होती. मी त्यांच्या हाताखाली नवा अधिव्याख्याता.

सकाळी सर जिवाणूंच्या फ्लास्कपाशी वाकून विचारत, "जेवले का?" मग मला बजावत, "लाड करायचे न्हाईत. आयतं गोड भेटलं तर हे इख पचवायला कशाला राबतील?" घरीही हाच खाक्या. पोरांनी गूळ मागितला की आधी पाढे म्हणून घेत.

प्रबंधाची मुदत संपायला दोन दिवस होते. विद्यापीठातले मार्गदर्शक शेवटचा प्रयोग बघायला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आले. सरांनी छत्री उघडली, नळी एन्झाइम मोजायच्या यंत्रात ठेवली. काटा हलेना. तीनदा केलं, तरी नाही. जिवाणू मात्र कधी नव्हे इतके माजले होते.

"फिनॉल कोणी घातलं होतं काल?" मार्गदर्शकांनी विचारलं. काल मी सुट्टीवर होतो.

"कोणीच न्हाई," सर म्हणाले. "सणाच्या दिवशी इख घालायला माझा हात उठंना, सर. पोरांच्या गाठीतली साखर घातली."

मार्गदर्शकांनी दार लोटून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "लाइट गेली होती असं लिहा. मी मुदत वाढवून मागतो."

"लाइट बिलकुल गेली न्हाई."

सरांनी वहीत लिहिलं: 'पाडवा. गाठी. एन्झाइम शून्य.' खाली सही केली. पीएचडी गेली. मला त्यांचा इतका राग आला की आठवडाभर बोललो नाही.

निवृत्त होताना त्यांनी फ्लास्क आणि छत्री माझ्या हवाली केली. सर गेल्याचा निरोप कॉलेजातच आला. मी छत्रीआड बसून पोटभर रडलो. मग जिवाणूंना म्हणालो, "घरात दुखवटा आहे, आज गोड नाही," आणि मोजून फिनॉल घातलं.