मागायला येणाऱ्याची खुर्ची

आत्याचा फोन आला तेव्हा महाडच्या दुकानात मी एका बाईंना सातवी साडी उलगडून दाखवत होतो. त्या पहिलीच घेणार हे मला आणि त्यांना, दोघांनाही ठाऊक होतं. आत्या म्हणाली, "विलास, हे बसलेत रे."

"मग चांगलंय की," मी म्हटलं. आतोबा बसले ही आमच्या घरात खरोखरच चांगली बातमी होती.

"केव्हाचे बसलेत. उठत नायत."

मग माझ्या हातातली साडी गादीवर पडली...

माझ्या आत्याचे यजमान, दत्तारामआतोबा, यांना मी चाळीसेक वर्षांत कधी धड बसलेलं पाहिलं नव्हतं. ते बोटीवर कुक होते. अर्धं आयुष्य हलत्या जमिनीवर उभं राहून त्यांनी शेकडो माणसांची पोटं भरली, आणि पोलादपूरजवळच्या आमच्या वाडीत कायमचे परतले तेव्हा न हलणारी जमीन त्यांना सोसेना. जेवायचे उभ्याने, चहा प्यायचे चालता चालता. पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या स्लिपरांचा फट फट आवाज दिवसभर चालू. आत्या म्हणायची, "घड्याळ नसलं तरी चालेल, पण हे कधी थांबतील काय?" फेब्रुवारी जवळ आला की त्या फेऱ्या दुप्पट व्हायच्या. कारण फेब्रुवारीत जगाच्या पार दुसऱ्या अंगाला बेसबॉलची ती स्पर्धा असायची.

ही स्पर्धा काय, ते मी आतोबांकडून इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही सांगेन. एकदा त्यांची बोट व्हेनेझुएलाच्या एका बंदरात दुरुस्तीसाठी अडकून पडली. गोदीतल्या एका हमालाने त्यांना हात धरून मैदानावर नेलं. तिकडे ऐन हिवाळ्यात व्हेनेझुएला, मेक्सिको, डॉमिनिकन रिपब्लिक आणि पोर्टो रिको, असे चार मुलूख आपापल्या घरची स्पर्धा जिंकलेला संघ पाठवतात आणि ते चार संघ एकमेकांशी खेळतात. लोक ढोल वाजवतात, नाचतात, रडतात. आतोबांना खेळातलं काही कळलं नाही. पण शेजारी बसलेल्या हमालाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक गोष्ट सांगितली आणि ती त्यांच्या डोक्यात जी शिरली ती शेवटपर्यंत निघाली नाही. जो संघ घरी जिंकतो, तो पुढे जाताना हरवलेल्या संघांतले चांगले खेळाडू सोबत घेऊन जातो. काल ज्याला पाडलं, त्याचाच हात धरून आज मैदानात.

"म्हणजे जिंकलेल्याने हरलेल्याच्या दारात मागायला जायचं," आतोबा म्हणायचे. "हा खरा खेळ, विल्या. चेंडू-बिंडू काय, निमित्त हाय."

निमित्त कशाला हवं होतं, ते सगळ्या वाडीला ठाऊक होतं. आतोबांचा धाकटा भाऊ बाळू. दोघांच्या वाटणीत बांधावरचा एक फणस मध्ये आला. फणस कोणाचा, यावरून बोलणं बंद झालं आणि बाळूकाका बिऱ्हाड उचलून सावित्री नदीपलीकडच्या वाडीत, बायकोच्या माहेरी, राहायला गेले. फणसाला दोघेही हात लावीनात. दरवर्षी झाड लगडायचं आणि वांदरं चंगळ करायची. त्या भागातली वांदरं आतोबांच्या घराण्याला फार मानत असतील.

भातं कापून झाली की मोकळ्या शेतांत खोऱ्यातल्या वाड्यांचे टेनिस बॉलचे सामने व्हायचेच. आतोबांनी घरोघरी भुणभुण लावून त्याला शेंडा जोडला. महाड, नाते, उमरठ आणि आमचं खोरं, चार ठिकाणचे जिंकलेले चार संघ एका दिवशी भिडणार. नियम एकच, जिंकलेल्या वाडीने हरलेल्या वाडीतला एक तरी खेळाडू मागून आणायचा आणि मागायला वाडीतल्या मोठ्या माणसाने जायचं. पहिल्याच साली आम्ही आमच्या खोऱ्याच्या अंतिम सामन्यात पलीकडच्या वाडीला हरवलं. त्यांचा सगळ्यात जलद गोलंदाज होता संजय, म्हणजे बाळूकाकांचाच मुलगा. त्याच्यासाठी आमच्यातला एक जण वगळायचा होता. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. इतकं एकमत आमच्या वाडीत पुन्हा कधी झालं नाही. माझ्या हातात बॅटच्या जागी धावा लिहायची पेन्सिल आली, ती अजून आहे.

मागायला निघालेल्या आतोबांबरोबर मी गेलो होतो. नदी ओलांडायच्या दगडी सांडव्यापर्यंत जायचे, परत फिरायचे. "पान खाऊन येतो" म्हणाले, ते पान न खाताच आले. शेवटी बाळूकाकांच्या दाराशी पोचलो. काकू म्हणाल्या, "हे घरात नायत." दारात काकांच्या चपला होत्या. आतोबांनी चपलांकडे पाहिलं आणि भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्याने म्हणाले, "जिंकलेल्या वाडीकडनं आलोय. संजय पायजे. एक दिवसापुरता."

आतून आवाज आला, "त्यांना विचार गो, परत कधी पाठवणार?"

"संध्याकाळी," आतोबा भिंतीला म्हणाले.

"मग न्या म्हणावं."

बसा कोणी म्हटलं नाही. उभ्याने मागितलं, उभ्याने परत आलो.

सामन्याच्या दिवशी बाळूकाका पलीकडच्या बांधावर दिसले. सामना बघायला नव्हे, हरवलेली म्हस शोधायला आले होते. म्हस गोठ्यात रवंथ करत होती, हे नंतर संजयने सांगितलं. आमचा एक जण धावबाद दिला गेला आणि बांधावरून एकदम आरोळी आली, "आत होती! बॅट आत होती!" सीमेवर फेऱ्या मारणारे आतोबा जागीच थांबले.

"तुला दिसली?"

"दिसली!"

"मग ओरड अजून!"

किती वर्षांनी दोघे भाऊ थेट बोलले होते! निर्णय काही बदलला नाही, आम्ही सपाटून हरलो. आतोबा मात्र घरी येईपर्यंत गुणगुणत होते. उसनी आणलेली वस्तू मोकळ्या हाती परत करू नये, म्हणून आत्याने संजयसोबत नाचणीच्या लाडवांचा डबा दिला. तो डबा उन्हाळ्यात परत आला, आत तळलेले फणसाचे गरे. आतोबांनी एक तोंडात टाकला आणि डोळे मिटले. "आपल्याच झाडाचा. चोरलान, लेकाने!" इतक्या आनंदाने कोणी चोरी पकडलेली मी पाहिली नाही. त्या वर्षी वांदरांची उपासमार झाली असावी.

पुढे वर्षं गेली. महाडला इंटरनेटचं कॅफे निघालं तेव्हा फेब्रुवारीत रोज दुपारी आतोबा एसटीने येऊन मला दुकानातून उठवायचे. तिकडचा निकाल बघायला. पान उघडायला इतका वेळ लागायचा की ते रस्त्यावर दोन फेऱ्या मारून यायचे. सगळं स्पॅनिश. मला आकडे कळायचे, त्यांना शिव्यांपलीकडचं थोडंफार. आमच्या इथला अंतिम सामना मात्र दर साली आमचीच वाडी जिंकत राहिली आणि दर साली आतोबाच नदी ओलांडून मागायला जात राहिले. इतक्या जिंकण्याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. एकदा मी म्हटलं, "आतोबा, आपण पुन्हा जिंकलो!" तर वैतागून म्हणाले, "तुझ्यासारखे दोन-तीन खेळवले असते तर हरलो नसतो काय?"

आणि या जानेवारीत आम्ही पलीकडच्या वाडीकडून हरलो. स्वच्छ, बिनतक्रार हरलो. म्हणजे आता बाळूकाकांनी आमच्या दारात यायचं. त्या संध्याकाळी आतोबांनी माळ्यावरून बोटीवरची घडीची कापडी खुर्ची काढली, पुसली आणि पडवीत पायरीसमोर मांडली.

"मी त्याच्या दारात उभा राहिलो," मला म्हणाले, "तो माझ्या दारात बसेल."

मग सुरू झाल्या फेऱ्या. खुर्चीला वळसा घालून जायचे, वळसा घालून यायचे. कुत्रं भुंकलं की पायरीवर. एसटी थांबली की पायरीवर. कोणाला त्या खुर्चीत बसू देईनात. मी एकदा टेकलो तर म्हणाले, "ऊठ, तू काय मागायला आलायस?" आठवडाभर असं चाललं. आणि मग त्या दुपारी ते स्वतःच त्या खुर्चीत बसले. आत्याला आधी बरं वाटलं. ती चहा घेऊन आली...

बाळूकाका त्या दिवशी आले ते सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. तेरावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, या वेळी एकटे. डोक्यावर धुतलेली टोपी. पायरीशीच उभे राहिले.

"वहिनी, सांडव्यापर्यंत रोज येत होतो," ते म्हणाले. "रोज परत फिरलो. म्हटलं उद्या जाऊ."

मी खाली पाहत राहिलो. सांडव्यापर्यंत जाऊन परत फिरणारा दुसरा एक माणूस मला माहीत होता.

"स्पर्धा घ्यायची काय नाय, ते तुम्ही सांगा," काका म्हणाले.

"घ्यायची. नायतर त्यांना चैन पडायचं नाय."

"मग... मागायला आलोय."

"कोण पायजे, भावजी?"

काकांनी अंगणातल्या तरण्या पोरांवरून नजर फिरवली आणि ती माझ्यापाशी आणून थांबवली. "ह्याला द्या. लिहायला आमच्याकडं कोण नाय."

जन्मात पहिल्यांदाच मला कोणीतरी संघात मागून घेत होतं. मला हसू आलं आणि मी खिशातली पेन्सिल चाचपली.

"न्या," आत्या म्हणाली. "पण आधी बसा."

बाळूकाका खुर्चीपाशी आले. तिच्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मग अगदी कडेला, पडेल की काय अशा बेताने टेकले. कापड करकरलं. मग त्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "तिकडं कोण जिंकलं रे यंदा?"

"अजून चालू आहे," मी म्हटलं.

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी मी धावा लिहून परत आलो तेव्हा माझ्या हातात डबा होता. मला मोकळ्या हाती परत पाठवलं नव्हतं. खुर्ची पायरीसमोर होती तशीच होती. मी ती घडी करायला गेलो तर आत्याने आतून ओरडून थांबवलं.

"असू दे रे. पुढल्या साली कोण जिंकतं, काय ठाव."