आठ कोनांची हजेरी

“ताईत नाय हा, आठ कोन हायत याला,” सोनार पुटपुटला आणि तो चांदीचा तुकडा मुशीत टाकायला वाकला. तेवढ्यात आमच्या सरांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब! जोखीम कोणाची?”

पेणच्या बाजारात हा प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा. बोटींचा, मालाचा, माणसांचा विमा उतरवण्यात सरांचं आयुष्य गेलं होतं. चहा उतू जाऊ लागला तरी ते आधी हेच विचारत. बाजार त्यांना विमाकाका म्हणे. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून सर म्हणे. त्यांच्या ऑफिसात टायपिंगला होते. त्या दिवशीही फायली धरून मागे उभी, नेहमीसारखी गप्प.

चांदी निडी गावच्या एका खालांची होती. त्यांचे पणजोबा गलबतावर नाखवा. खालांना नातीसाठी पैंजण हवे होते. सरांनी भिंग लावलं. एका बाजूला नांगर, दुसऱ्या बाजूला शिडाचं जहाज, कडेनं परकी अक्षरं.

“खाला, हे मोडू नका. माझं चांदीचं फुलपात्र देतो, त्याचे पैंजण करा. हे घरी न्या.”

“घरी नको. पुढच्या लग्नाला मीच मोडायला आणीन. तुमच्याकडं र्‍हाऊ दे, नात मोठी झाली की न्यायला येईल.” मग त्या हसल्या. “हरवलंत तर?”

“जोखीम माझी.”

हे उत्तर सरांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग ते हट्टाला पेटले. कुणाकुणाला पत्रं लिहिली, उत्तर नाही आलं की पुन्हा लिहिली. शेवटी कळलं, परदेशातल्या एका जुन्या सागरी विमा कंपनीचा हा बिल्ला. “जहाजं दर्यावर, हे मालक खुर्चीवर,” सर म्हणाले. “बैठकीला आला त्याच्या हातावर चांदी. नाय आला त्याला नाय.” माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझी हजेरी रोज लागते गो. आवाज कधी लागायचा?”

खालांच्या नाखवा पणजोबांच्या हाती हा बिल्ला कसा पडला, ते मात्र कळलं नाही. टिपणात अंदाज लिहायला त्यांनी मला साफ मनाई केली.

आपल्याकडेही असं काही होतं, हे त्यांनी मला टिपून घ्यायला सांगितलं. जुने व्यापारी जोखमी हुंडी लिहीत. माल सुखरूप पोचला तर ती वटायची, गलबत बुडालं की तीही बुडायची. मी सुवाच्य अक्षरात लिहून आणलं, ‘जोखमी हुंडा’.

हसता हसता सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “हुंडी गो, हुंडी! पण र्‍हाऊ दे. हुंड्यातही जोखीम पोरीचीच.” तो कागद त्यांनी मला दुरुस्त करू दिला नाही. बिल्ला त्यातच गुंडाळून खणात ठेवला.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. ते आहे तोवर आपल्याला बोलावं लागत नाही.

सर दोन दिवसांच्या आजारात गेले. मुलगा मुंबईहून आला, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खण रिकामे केले, चांदीचं सगळं सोनाराकडे धाडलं. हे मला शिपायाकडून कळलं, तेव्हा मी चप्पल घालायचीही विसरले.

दुकानात मूस तापली होती. तबकात सरांचा करंडा, अत्तरदाणी आणि माझ्याच अक्षरातला तो कागद.

“हे... निडीच्या खालांचं,” मी म्हणाले. भात्याच्या आवाजात ते बुडालं.

“काय गो?”

मी कागद उलगडून दाखवला. सोनारानं वाचला. “जोखमी हुंडा? पावती नाय, सही नाय. उद्या काकांचा पोरगा भांडायला आला तर? जोखीम कोणाची?”

हा तर सरांचा प्रश्न. सर येऊन बसत त्या रिकाम्या स्टुलाकडे आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. भाता थांबला.

मी बिल्ला उचलून मुठीत धरला. त्याचे कोन तळव्याला टोचले.

“माझी,” मी म्हणाले. पलीकडचा भांडीवालाही वळून बघू लागला, तरी पुन्हा म्हणाले, “जोखीम माझी.”