मॅडमची खिडकी

समोरच्या विंगमधल्या मॅडम मानसशास्त्र शिकवतात. अल्पसंख्याकांना गोड बोलून कसं टाळलं जातं, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. स्वतः कमी बोलतात. आपण काही म्हटलं की तेच वाक्य हळूच परत म्हणतात आणि थांबतात, बेरीज पुन्हा ताडून पाहावी तशा.

मागे एक मुस्लिम नर्स आमच्या नाहूरच्या सोसायटीत भाड्याने जागा मागायला आली. कमिटीचे आम्ही तिघं, सेक्रेटरी, मॅडम आणि मी, सेक्रेटरींच्या घरी बसलो होतो. सेक्रेटरी मालवणचे. म्हणाले, "तुमच्याबद्दल काही नाही हो. पण नॉनव्हेजचा वास येतो ना."

"नॉनव्हेजचा वास येतो," मॅडम म्हणाल्या, आणि थांबल्या.

आतून वहिनी हसल्या. "येणारच. बांगडे तळतेय मी."

सेक्रेटरींनी तिच्या अर्जावर सही केली. नर्सने ओढणीने डोळे टिपले.

मॅडम स्वतः शाकाहारी. सेक्रेटरींचं स्वयंपाकघर त्यांच्या बरोबर खाली; बांगडे तळले की मॅडमची खिडकी बंद होताना मला रोज दिसायची. नर्स माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून बांगडे तळतानाही ती खिडकी उघडी असते. मॅडम तिथेच, नाकाला पदर लावून, पेपर तपासत बसतात.