मण्यारीचं जेवण

माझं पोट मोटार वाइंडिंगवर चालतं. साप पकडणं हे फुकटचं काम. गावोगाव फिरून मी एकच वाक्य घोकत आलो आहे: साप मारू नका, मला फोन करा. ऐकणारे मान डोलावतात आणि काठी दाराशीच ठेवतात.

म्हणून सानगडीकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. रोवणीआधी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, चिखलणी चालू असताना ट्रॅक्टरच्या चाकाखाली पट्टेरी मण्यार आली होती. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची, जबर विषारी, पाठ फाटलेली, तरी जिवंत. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि वनखात्याच्या रोपवाटिकेतल्या एका खोलीत, काचेच्या पेटीत, ती माझ्या देखरेखीखाली राहिली.

जखम भरत आली, पण बाई खाईना. उंदीर ठेवला, बेडूक ठेवला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ही जात मुख्यतः दुसरे साप खाते. मला ते माहीत होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. त्या दिवसांत कुणाच्या न्हाणीतून ढोंड्या, म्हणजे पाण्यातला साधा बिनविषारी साप पकडला, की मला तो साप न दिसता घास दिसायचा. पण ज्यांनी माझ्या शब्दावर काठी खाली ठेवली, त्यांच्या घरचा साप मी पेटीत कसा टाकणार? मग रस्त्यावर गाडीखाली मेलेले साप शोधत फिरलो. मिळाले ते पार पापड झालेले.

ही भानगड त्या शेतकऱ्याच्या कानावर गेली. एक दिवस तो प्लास्टिकची पिशवी घेऊन रोपवाटिकेत हजर. आत ढोंड्या होता, ताजा, डोकं ठेचलेला.

"तुमच्या सापासाठी मारला जी भाऊ," तो म्हणाला. "आता नाई मरत तो उपाशी."

माझं डोकं फिरलं, पण ओरडायचं कुणावर? तो पेटीत टाकला असता तर मण्यार जगली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून घराघरांतून पिशव्या यायला लागल्या असत्या. मी त्याच्यासमोरच खड्डा खणून ढोंड्या पुरला.

"वाया घालवला ना जी," तो म्हणाला. "अन् तुमचा साप मेला तं?"

"मेला तर मेला," मी म्हणालो. ते खोटं होतं. ती मरायला नको होती मला.

शेवटी बाजारातून सापासारखा लांबट बाम मासा आणला, सापाचा वास लागावा म्हणून धामणीची कात ओली करून त्याला चोळली आणि लांब चिमट्याने तिच्यापुढे धरला. पहिला मासा तिने नाकारला. पुढचा धरला, तो डोक्यापासून शेपटीपर्यंत गिळला. मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

ती धडधाकट झाल्यावर वनखात्याच्या माणसासोबत तिला त्याच शेताजवळच्या तलावाच्या मातीच्या पाळीवर सोडलं. शेतकरी लांब उभा राहून बघत होता.

काही दिवसांनी त्याचा फोन आला. "भाऊ, घरात ढोंड्या निघाला. मारला नाई. टोपल्याखाली ठेवला."

"शाब्बास," मी म्हणालो.

"येता काय? पाळीवर सोडून देऊ. तुमचा साप उपाशी असन."

गेलो. ढोंड्या धडधाकट होता, टोपलं उचलताच फुसफुसला. पाळीवर सोडला, तसा गवतात शिरला.

"भेटन काय जी हा तुमच्या सापाले?" शेतकऱ्याने विचारलं.

"भेटेल," मी म्हणालो. कोणत्या सापाच्या बाजूने म्हणालो, उपाशी मण्यारीच्या की यापुढे काठीऐवजी टोपल्याखाली जाणाऱ्या ढोंड्याच्या, ते मला अजूनही सांगता येत नाही.