पातळ पाइपला ब्रेक द्यावा लागतो

भावांनो, कंपनीनं परत ब्रेक दिलाय. कंत्राटी माणसाला पर्मनंट करावं लागू नये म्हणून मधेच काही दिवस घरी बसवतात, तो ब्रेक. या वेळी रागही आला नाही.

आज मित्राचं मिग वेल्डिंग मशीन आणलं आणि भोसरीतल्या खोलीबाहेर पोरीच्या अभ्यासाच्या टेबलाचा सांगाडा जोडायला बसलो. चाकणला कंपनीत आम्ही जाड पट्ट्या जोडतो, तिथं ट्रिगर दाबला की सोडायचा नाही. हा पाइप पातळ, पण हाताला तीच सवय. पहिल्याच जोडाला भोक पडलं.

बायकोनं बाहेर येऊन भोक बघितलं. म्हणाली, "अहो, सलग कशाला मारताय? जरा ब्रेक द्या ना त्याला."

बोलली आणि जीभ चावली.

मग एक टाका मारला, थांबलो, पाइप निवू दिला, परत टाका. टेबल उभं राहिलं. पोरगी त्यावर दप्तर ठेवून खेळायला गेली.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला, "पुढच्या महिन्यात नवीन म्हणून जॉइन व्हा." हो म्हणालो. बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

ब्रेकवर जाऊन आलेल्यांनो, खरं सांगा. एकदा निवलेला माणूस परत तापतो का?