घरी कोणी नसतानाचे दिवे

वेल्ह्यातल्या माझ्या घराचं दार गावाने पहारीने फोडलं, तेव्हा मी गर्दीत मागून तिसरी उभी होते.

हे कसं घडलं ते क्रमाने सांगते. क्रमाशिवाय मला काही सांगता येत नाही. बाजारात माझं वह्या-पेनांचं छोटं दुकान आहे, आणि मीठ आणायलाही मी यादी घेऊन जाते.

दिवाळीत माझी लेक मीनल पुण्याहून आली आणि घरातले पाचही दिवे बदलून गेली. नवे दिवे वायफायवर चालतात. मोबाईलवर बोट टेकवलं की लागतात, पुन्हा टेकवलं की विझतात, मग तुम्ही घरात असा नाहीतर पुण्यात. मला त्यांची काही गरज नव्हती. हे गेल्यापासून चार वर्षं मी एकटीच आहे, आणि एका माणसाला एका वेळी एकच दिवा लागतो.

"आई, तू माझ्याकडे आठ दिवस येणार आहेस ना? तेव्हा घर रिकामं दिसता कामा नये," मीनल म्हणाली. "दिवे आपोआप लागतील, विझतील. घरात कोणीतरी वावरतंय असं वाटेल."

"मग मी माझी दिनचर्या लिहून देते!"

दिलीच. साडेपाचला न्हाणी, सहाला स्वयंपाकघर, संध्याकाळी सातला बाहेरची खोली, आठला पुन्हा स्वयंपाकघर, नऊला सगळं बंद. मीनलने यादी वाचली.

"आई, ह्यात एका वेळी एकच दिवा आहे गं. घरात एकच माणूस आहे हे चोराला लगेच कळेल."

आणि तिने सात ते नऊ पाचही दिवे टाकले, वर मधूनच एखादा आपोआप विझून पुन्हा लागेल असंही करून ठेवलं! (माझ्या घरात तिने कोणकोण राहायला आणलं होतं, देव जाणे.)

निघण्यापूर्वी मी तेवीस कलमी यादी केली. गॅस बंद, दूध बंद वगैरे नेहमीचं. एकोणिसावं कलम: बाहेर कुलूप दिसू नये, नुसतं लॅच ओढून घेणे. विसावं: जाणार असल्याचं कोणालाही न सांगणे. एकविसावं: पहाटेच्या पहिल्या एसटीने जाणे, म्हणजे कोणी बघणार नाही. आणि तेविसावं: तात्यांचा नंबर ब्लॉक करणे.

तात्या म्हणजे शेजारच्या हौसाआक्काचा नवरा. भला माणूस. पण आक्का त्यांच्याच मोबाईलवरून बोलते आणि आक्काशी माझं वाजलं होतं. आमचा दोघींचा नळ सामाईक. कोणी कधी पाणी भरायचं याचं मी एक सुबक वेळापत्रक केलं, लॅमिनेट केलं आणि नळाच्या भिंतीवर लावलं. दुसऱ्या दिवशी ते आक्काच्या ताकाच्या पातेल्यावर झाकण म्हणून सापडलं.

"आता कागूद बघून पानी भरायचं व्हय गं? वीस वर्सं काय तहानेल्या व्हतो का आमी?" आक्का म्हणाली.

मी काहीतरी लागट बोलले. तीही बोलली. मग अबोला. तेविसाव्या कलमापुढे मी बरोबरची खूण केली आणि एसटी पकडली.

पुण्यात मीनल अकराव्या मजल्यावर राहते. ती आणि जावई सकाळी आठला जातात ते रात्रीच येतात. शेजारच्या दारांवर पाट्या आहेत, माणसं मी पाहिली नाहीत. आठ दिवसांत माझ्याशी सर्वांत जास्त बोलली ती लिफ्ट. संध्याकाळ झाली की मी गॅलरीत बसून मोबाईलवर वेल्ह्याच्या पडवीतला दिवा लावायची. मग विझवायची. मग पुन्हा लावायची. दिवेलागणीला घरी दिवा आपल्या बोटाने लागावा एवढंच.

गावातून एकही फोन आला नाही. (ज्या एका नंबरावरून आला असता, तो मीच ब्लॉक केला होता. पण खूण केलेलं कलम माझ्या डोक्यातून जातं, यादीचा फायदाच तो!)

मीनल रोज एकच विचारायची, "आई, कायमची इकडे ये ना. तिकडे तुला विचारणारं कोण आहे? रविवारी परत जाशील तेव्हा ठरवून सांग."

मी कागदावर दोन रकाने आखले. पुण्याच्या रकान्यात अकरा कारणं झाली. वेल्ह्याच्या रकान्यात 'एक: दुकान' असं लिहिलं, मग 'दोन' लिहिलं आणि पुढे शनिवारपर्यंत काही सुचलं नाही. रविवारी बॅग उचलली तेव्हा दुकान कोणाला चालवायला द्यावं, याची यादी वाटेत नसरापूर येईपर्यंत तयार होती.

वेल्ह्यात उतरले तेव्हा अंधार पडला होता. आळीच्या तोंडाशी गर्दी. मी मागे जाऊन उभी राहिले आणि पुढच्या बाईला विचारलं, "काय झालं हो?"

ती मागे न बघता म्हणाली, "शोभाताई आत पडल्यात. आठ दिस दुकान बंद, दिवं लागत्यात, पर दार उघडंना."

"अरेरे!" मी म्हटलं.

खरंच म्हटलं. शोभाताई म्हणजे मीच, हे कळायला तीन-चार सेकंद लागले. तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण पुढून आक्काचा आवाज आला आणि मी तशीच उभी राहिले. आक्का माझ्या बंद दाराशी बोलत होती.

"शोभे, उघड गं दार. त्यो कागूद लावते म्या परत नळाव. पयलं पानी तुजं. तू सांगशील तसं भरते. पर आवाज तरी दे की!"

मी बॅग खाली ठेवली. 'ओ' द्यायला तोंड उघडलं. आणि तेवढ्यात सात वाजले. घरातले पाचही दिवे एकदम लागले!

"जित्ती हाय!" गर्दी ओरडली.

"मंग उघडंना का?" तात्यांनी पहार उचलली. "पाय मोडला आसंल! सरका!"

"अहो थांबा, मी इथं आहे!" मी ओरडले.

"गप ऱ्हावा ओ बाई, हितं मानूस अडकलंय!" पुढची बाई डाफरली.

आणि दार गेलं. लॅचसकट, चौकटीच्या पट्टीसकट. सगळे आत घुसले. पाच दिवे ढळढळीत लागलेले आणि माणूस एकही नाही! कोणी खाटेखाली वाकलं, कोणी न्हाणीत डोकावलं. मग मीनलच्या हुशार सोयीनुसार स्वयंपाकघरातला दिवा आपला आपण विझला. आत गेलेली गर्दी त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आली. शेवटी आक्का आली, ती थेट माझ्या बॅगेवर आदळली.

"तू? आगं तू हितं, मंग आत कोन हाय?"

"कोणी नाही, आक्का. वायफाय आहे."

"मंग त्येला दार उघडाया काय झालतं?"

पाठीत एक जोरदार धपाटा बसला. मग आक्का माझ्याच पडवीत मटकन बसून पदराने डोळे पुसू लागली.

"तिसऱ्या दिशी भाकर घिऊन आलते म्या. म्हनलं, चुकलं माजं. तवाच फट्दिशी पडवीतला दिवा बंद! पुन्ना लागला, पुन्ना बोलले. पुन्ना बंद! म्हनलं, बाईचा राग लई मोठा हाय."

तो दिवा कोणाच्या बोटाने विझला होता, हे मी त्या दिवशी सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

"आन् राती बघावं तर पाच-पाच दिवं," आक्का म्हणाली. "तू आसतीस तवा येकच आसतो. म्हनलं, शोभीकडं पाव्हणं आल्यात, आता आपल्याला कशाला हाक मारंल. म्हनून चार दिस गप बसले. मंग ऱ्हावंना."

मी मोबाईल काढून तेविसावं कलम रद्द केलं. ब्लॉक केलेल्या यादीत तात्यांच्या नंबरावरून आलेले सत्तावीस फोन होते. तेवढ्यात मीनलचा आला.

"आई, पोचलीस? काय ठरवलं मग?"

"वेल्ह्याच्या रकान्यात दुसरं कारण मिळालं," मी म्हटलं. "पण दार मोडलंय."

आता दार नवं आहे आणि त्याची एक किल्ली आक्काकडे आहे. मी घरीच असते, तरी सातला पाचही दिवे लागतात. मग आक्का येते. "येकटीला पाच दिवं कशाला गं?" असं म्हणत भिंतीवरची चार बटणं खटाखट बंद करते आणि चहाला बसते. (ती गेली की मी ती चारही पुन्हा चालू करून ठेवते.) बटण बंद झालं की ते दिवे पुण्यातल्या मोबाईलवरून गायब होतात, आणि पाच मिनिटांत मीनलचा घाबरा फोन येतो, "आई, दिवे दिसत नाहीयेत, तू बरी आहेस ना? आणि ती सोय बंद कर ना, तू घरीच तर असतेस!"

मी दोघींनाही रोज तेच उत्तर देते, "अगं, बंद करायचं विसरलेच!"

मी! जी मीठ आणायलाही यादी घेऊन जाते!