वीज खिशात घेऊन फिरणारा माणूस

बोर्डावरचा चिनी मातीचा पांढरा फ्यूज उपसायचा, खाकी जाकिटाच्या खिशात टाकायचा आणि खिशावर दोन थापा मारायच्या. मग घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "बिजली माझ्या खिशात आहे. आता कोणी किती पण बटनं दाबा!" एवढं झाल्याशिवाय त्यांनी कधी पेचकस हातात घेतला नाही.

इंदुरात बडा गणपतीच्या मागच्या गल्ल्यांतून ते सायकलवर फिरत. कापड गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, गिरणी बंद पडली आणि ते घरोघरची कामं करू लागले. आम्ही त्यांना मिलवाले काका म्हणायचो. इंदुरातल्या आम्हा मराठी माणसांचं अर्धं बोलणं हिंदीत चालतं, काकांचं पाऊण चालायचं.

तुम्हीही असा एखादा कारागीर पाहिला असेल, ज्याला काम सांगायचं म्हणजे आधी मन घट्ट करावं लागतं. तुकोगंजमधल्या एका वकिलांचा फ्यूज खिशात घेऊन ते एकदा चहाला गेले. वकिलांनी ड्रायव्हरला पिटाळलं, तर काका त्याला म्हणाले, "साहबांना सांगा, कोर्टात तारीख पडते तेव्हा ते पण थांबतातच ना?" आणि दुसरा कप मागवला.

नव्या फ्लॅटांमध्ये फ्यूजच्या जागी आलेले खटके त्यांना अजिबात पसंत नव्हते, कारण ते उपसून खिशात टाकता येत नाहीत. तिथे ते आधी विचारायचे, "घरात सगळ्यात भांडकुदळ कोण आहे?" मग मेन बंद करून त्या माणसाला बोर्डासमोर खुर्ची टाकून राखणीला बसवायचे. या एका प्रश्नावरून किती घरांत नवी भांडणं लागली असतील, देव जाणे.

आमचं घर जुनं, बोर्डही जुना. त्या जानेवारीत एका सकाळी गीझर बंद पडला. दिवा लागेना, पाणी तापेना. परवा उज्जैनहून आत्या सहकुटुंब येणार होती, आणि आत्याला कढत पाण्याशिवाय आंघोळ माहीत नाही. बाबांनी काकांना बोलावलं.

काकांनी फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. आतली तार जळली होती, पाच मिनिटांचं काम. पण काका पाच मिनिटांत सुटणारे नव्हतेच. त्यांनी न्हाणीघराच्या दारातून हाक मारली, "भाभी, नळाला हात लावला की झिणझिण होतं का?"

"होतं की कधीकधी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी चप्पल घालून सोडते नळ."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. आम्ही सगळेच चप्पल घालून नळ सोडत होतो आणि त्याला सवय म्हणत होतो.

काकांनी गीझर उघडला, मग प्लगपासून माग काढत भिंतीपर्यंत आले. "ही हिरवी तार पाहा. अर्थिंगची. भिंतीत गेली आणि खतम. जमिनीपर्यंत पोचलीच नाही. गीझरमधून करंट पाण्यात उतरतोय, आणि त्याला जायला रस्ता कोणता? तुम्ही!" गीझर ते दुरुस्त करणार होते, पण आधी अंगणात खड्डा खणून अर्थिंग करायला हवं होतं.

अंगण म्हटल्यावर बाबा उसळले. दिवाळीतच तिथे नव्या फरश्या बसवल्या होत्या आणि बाबा त्यांवर कोणाला सायकलही टेकवू देत नव्हते.

"सध्या फ्यूजला नवी तार घालून द्या," बाबा म्हणाले. "पाहुणे गेले की बघू."

"बाद में वालं काम मी नाही करत, भिया."

"अहो, घर माझं आहे की तुमचं?"

"घर तुमचं. बिजली माझ्या खिशात." खिशावर दोन थापा मारून काका सायकलवर बसले आणि निघून गेले. आमचा फ्यूज घेऊन!

बाबा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना असं तोंडावर कोणी बोलल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांनी मला दुकानात धाडलं, नवा फ्यूज आणवला, स्वतः तार गुंडाळून बसवला. गीझरचा लाल दिवा लागला. बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "झालं! कोण जातंय आंघोळीला?"

कोणीच हललं नाही.

"तुम्हीच घ्या ना आधी," आई म्हणाली. बाबांनी पंचा खांद्यावर टाकला, न्हाणीघराच्या दारापर्यंत गेले, नळाकडे बघत उभे राहिले आणि परत आले. "पेपर वाचायचा राहिलाय," म्हणाले. मी म्हटलं, मला ऑफिसात लवकर जायचंय. त्या दिवशी आमच्या घरात कोणीही आंघोळ केली नाही. संध्याकाळी बाबांनी नवा फ्यूज आपल्या हाताने उपसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, बोलावून आण त्यांना."

दुसऱ्या दिवशी काका पहार घेऊन आले. जिंकल्याचा एक शब्दही बोलले नाहीत, फक्त कोणती फरशी फोडायची ते बाबांनाच विचारलं. ते खड्ड्यात मीठ आणि कोळसा यांचे थर देत असताना मी म्हटलं, "काका, एवढा हट्ट कशासाठी? दुकानात दुसरा फ्यूज मिळतोच की."

ते मीठ पसरता पसरता म्हणाले, "मिलमध्ये साहब बोले, लाव फ्यूज, बाकी बाद में देखेंगे. मी लावला, बेटा. माझा जोडीदार आत ओल्यात उभा होता." मग मातीचा हात झटकत म्हणाले, "त्यानंतर कोणाच्या सांगण्यावर नाही लावला. कोणाच्याच नाही."

बाबा मागे उभे होते. ते आत गेले आणि स्वतःच्या हाताने चहा करून घेऊन आले. आमच्या घरात हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आत्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. तिला कढत पाणी मिळालं आणि आईने अनवाणी नळ सोडला. गीझर दुरुस्त करून, आमचा फ्यूज परत लावून जाताना काका सांगून गेले होते, "उन्हाळ्यात खड्ड्याला पाणी घालत जा. सुकला की बेकार." आई तुळशीला पाणी घालून झालं की उरलेला तांब्या तिथे ओतते, अजूनही.

गेल्या वर्षी काका गेले. मी काकूंना भेटायला गेले तर खुंटीवर ते खाकी जाकीट तसंच होतं, आणि एका बाजूला ओढ बसल्यासारखं लोंबत होतं. काकूंनी खिशात हात घालून एक पांढरा फ्यूज काढून दाखवला.

"कोणाचा आहे हा?" मी विचारलं.

"नाव नाही सांगितलं. आजारी पडायच्या आधी कुठून तरी आणला. कोणी मागायला आलं नाही."

म्हणजे त्या घराने दुकानातून नवा आणून बसवला असणार. तिथे आज सकाळीही कोणीतरी चप्पल घालून नळ सोडला असेल. मला बसल्या जागी राग आला, आणि रडूही. आमच्या बाबांइतकी भीती तरी त्या माणसाला वाटायला हवी होती.

तुमच्यापैकी कोणाच्या घरचा असेल तर सांगते, काकूंनी तो पुन्हा त्याच खिशात ठेवलाय. मागायला खुशाल जा. मात्र मी निघताना काकू त्या खिशावर हात ठेवून काय म्हणाल्या तेही ऐकून जा, "आधी अर्थिंग करून या म्हणावं. मग देईन."